एकास सत्त्याऐंशी

शुक्रवारी संध्याकाळी सहाला हिंजवडीतून बाहेर पडणाऱ्या गर्दीत प्रत्येकाचा काही ना काही प्लॅन असतो. कुणी लोणावळा, कुणी मल्टिप्लेक्स, कुणी नुसतंच ‘घरी जाऊन झोपणार यार’. महिन्यातल्या एका शुक्रवारी माझ्या सॅकमध्ये लॅपटॉपच्या शेजारी एक व्हर्नियर कॅलिपर, पॉलिश पेपरचे तुकडे आणि चपलांच्या खोक्यात कापसावर निजवलेल्या दोन-तीन वाघिणी असतात.

दचकू नका. वाघीण म्हणजे वॅगन. मालगाडीचा डबा. इंग्रजी शब्द मराठी माणसाच्या तोंडी आला आणि त्याची वाघीण झाली. जुन्या पेपरांत कांद्याच्या नाहीतर साखरेच्या वाघिणी अडकून पडल्याच्या बातम्या यायच्या, त्या ह्याच. माझ्या वाघिणी बोटभर लांबीच्या आहेत, प्लॅस्टिकच्या आहेत आणि मी त्या स्वतः बनवते. गेटवरच्या सिक्युरिटीवाल्या काकांनी एकदा खोकं उघडायला लावलं. आत पाहून म्हणाले, ‘‘मुलासाठी का, मॅडम?’’

‘‘नाही काका, वडलांसाठी.’’

त्यांनी खोकं जरा जास्तच हळू बंद केलं.

त्यानंतर रात्रीची स्लीपर बस, आणि सकाळी नंदुरबार. नंदुरबार म्हटलं की ऑफिसात दोनच प्रतिक्रिया येतात. एक, ‘ते नेमकं कुठे येतं?’ आणि दोन, ‘मिरची ना?’ हो, मिरचीच. सीझनला गावाबाहेर पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पडलेली असते आणि रिक्षातून जाताना पुणेकर पाहुण्याला पहिल्या मिनिटाला शिंक येते. पण आमच्या घरात नंदुरबारची ओळख वेगळी आहे. आमच्या गच्चीवरून रूळ दिसतात.

बाबा, गार्ड

बाबा मालगाडीचे गार्ड होते. उधना ते जळगाव या मार्गावर त्यांची सगळी उमेद गेली. २०१२ मध्ये ते रिटायर झाले. जानेवारी २०२२ मध्ये रेल्वेने ‘गार्ड’ हे पदनाम बदलून ‘ट्रेन मॅनेजर’ केलं, तेव्हा आईने पेपर वाचता वाचता विचारलं, ‘‘म्हणजे मी आता मॅनेजरची बायको का?’’

‘‘रिटायर गार्डचीच,’’ बाबा म्हणाले आणि पान उलटलं.

हा मार्ग तापी व्हॅली रेल्वेने बांधलेला. सुरतेहून अंमळनेरपर्यंत तो १९०० च्या सुमारास पूर्ण झाला, मग तो बीबी अँड सीआय रेल्वेकडे गेला आणि १९५१ पासून पश्चिम रेल्वे. आता तो दुहेरी आहे, वर विजेच्या तारा आहेत. बाबांच्या उमेदीत एकेरी होता, डिझेल इंजिनं होती, आणि मालगाडीला मेलसाठी कुठेतरी बाजूला काढून तासन्‌तास उभं केलं जायचं. नवापूरला तर गंमतच. ते स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. जळगावकडे तोंड करून लांबलचक मालगाडी तिथे उभी राहिली की इंजिन आपल्या राज्यात आणि ब्रेकव्हॅन शेजारच्या. ‘‘ड्रायव्हर महाराष्ट्रात चहा प्यायचा, मी गुजरातेत,’’ असं बाबा सांगतात. ड्रायव्हर फक्त चहाच प्यायचा का, हे त्यांनी कधी सांगितलं नाही.

गार्डाची नोकरी म्हणजे काय, ते मला फार उशिरा कळलं. शाळेत मुलं सांगायची, माझे पप्पा ऑफिसात बसतात. माझे बाबा गाडीच्या शेपटाला बसायचे. चार चाकांची ब्रेकव्हॅन, आत दिवा नाही, पंखा नाही, बाकीची सोय नाही. लाल-हिरवे झेंडे, हातदिवा, शिट्टी, धोक्यासाठी रुळावर लावायचे फटाके, हे सगळं एका जड लोखंडी पेटीत. आणि समोर अर्धा-पाऊण किलोमीटर वाघिणींच्या पाठी. आयुष्यातली पंचवीसेक वर्षं त्यांनी तेच बघितलं. रिटायर झाल्यावर त्यांना बाकी कशाचीही आठवण यायची नाही, ह्याची यायची.

पण त्यांचे हात थरथरतात. रिटायरमेंटनंतर वर्ष-दोन वर्षांतच ते सुरू झालं. पुठ्ठ्याची एक ब्रेकव्हॅन त्यांनी करायला घेतली होती, ती अर्धी राहिली. तो पुठ्ठा मी एका दिवाळीत माळ्यावर पाहिला.

पहिली वाघीण फेल

मी मेकॅनिकल इंजिनीअर आहे आणि आठ वर्षं एक्सेल शीट भरते आहे. त्यामुळे हात शिवशिवत होतेच. नेटवरून माहिती काढली. एचओ नावाचं एक माप जगभर चालतं. ‘एचओ’ म्हणजे ‘हाफ ओ’; ओ नावाच्या जुन्या मापाच्या निम्मं. खऱ्या वस्तूच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाएवढी प्रतिकृती. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं म्युझियम १९९८ पासून सुरू आहे, तेही याच मापाचं. बाबा पुण्याला आले की आम्ही तिथे जातो. पहिल्यांदा गेलो तेव्हा बाबा शो संपल्यावर बराच वेळ उभे होते. बाहेर आल्यावर म्हणाले, ‘‘छान आहे. आपली ब्रेकव्हॅन आपण करू.’’

‘आपण’ म्हणाले. मी ते धरून ठेवलं.

सरावासाठी आधी एक वाघीण करायची ठरली. मी बीसीएन निवडली. बी म्हणजे बोगीवाली, सी म्हणजे कव्हर्ड, बंदिस्त, आणि एन म्हणजे एअर ब्रेकची. धान्य, सिमेंट, खत वाहणारा तो लांबलचक बंद डबा तुम्ही लेव्हल क्रॉसिंगला शंभर वेळा पाहिलाय आणि एकदाही पाहिलेला नाही. कपलरच्या टोकापासून टोकापर्यंत १५,४२९ मिलिमीटर. भागिले ८७, म्हणजे १७७ मिलिमीटर. अर्ध्या मिलिमीटरच्या प्लॅस्टिक शीटमधून बाजू कापल्या, चाकं मागवली, लाल रंग मारला, ठसठशीत अकरा आकडी नंबर टाकला. तीन महिने वीकेण्ड घातले. बाबांच्या वाढदिवसाला गिफ्ट पेपरमध्ये गुंडाळून दिली.

बाबांनी चष्मा पुसला, आईच्या शिवणपेटीतलं भिंग आणलं आणि वाघीण टेबलावर ठेवून तिच्याभोवती फिरले. हात लावला नाही. पाच मिनिटांनी विचारलं, ‘‘कोणत्या सालची?’’

‘‘म्हणजे?’’

‘‘बेटा, ही उभी कोणत्या साली आहे?’’

मी अंदाजाने म्हटलं, ‘‘अठ्ठ्याऐंशी?’’ कारण १९८८ मध्ये बाबांनी या मार्गावर पहिल्यांदा एकट्याने गाडी नेली, ते आमच्या घरात पाठ आहे.

‘‘मग नंबर चुकला. अकरा आकडे या शतकातले. अठ्ठ्याऐंशीला रेल्वेची अक्षरं आणि छोटा नंबर असायचा. रंग पण चुकला. हा मिरचीचा झाला. वाघीण विटेसारखी असते, त्यावर धूळ, त्यावर पावसाचे ओघळ. आणि एवढी स्वच्छ वाघीण मी फक्त कारखान्यातून निघालेली पाहिली.’’ मग जरा थांबून, ‘‘बाकी छान आहे.’’

तुमच्या अप्रेझलमध्ये बॉसने असं ‘बाकी छान आहे’ म्हटलं तर तुम्ही काय कराल, ते मी केलं. गच्चीवर जाऊन बसले.

अमेरिकेत आणि युरोपात या छंदातल्या अशा माणसांना गमतीने ‘रिव्हेट काउंटर’ म्हणतात, डब्याच्या पत्र्यावरचे रिव्हेट मोजणारे. त्यांच्यासाठी डबा ‘साधारण तसा’ असून चालत नाही. कोणत्या रेल्वेचा, कोणत्या कारखान्यातला, कोणत्या सालचा, मधल्या काळात त्याचं काय काय बदललं, हे सगळं जुळावं लागतं. मला वाटायचं, किती रिकामटेकडे लोक! आणि आमच्याच घरात एक निघाला.

पुढच्या महिन्यात मी जिद्दीने दोन वाघिणी घेऊन गेले. एक बॉक्सएन, म्हणजे कोळशाची उघडी वाघीण, आणि एक सीआरटी, म्हणजे जुनी चार चाकी बंदिस्त. दोन्ही १९८८ मध्ये रुळांवर होत्या, मी खात्री करून घेतली होती. रंग विटेचा. त्यावर रंगीत खडूची पूड चोळून धूळ बसवली होती. दोन्ही एकमेकींना जोडून टेबलावर ठेवल्या.

बाबा हसायला लागले. ‘‘ही गाडी सुटणारच नाही.’’

‘‘आता काय झालं?’’

‘‘ही व्हॅक्यूमची, ती एअरची. ब्रेक कसा लागणार?’’

तेव्हा समजलं. जुन्या वाघिणींना व्हॅक्यूम ब्रेक असायचा. इंजिन पाइपातली हवा ओढून ठेवायचं, हवा आत शिरली की ब्रेक लागायचा. ऐंशीच्या दशकात आलेल्या बॉक्सएनला एअर ब्रेक. तिथे उलटा हिशेब: पाइपात दाबाची हवा भरलेली, दाब उतरला की ब्रेक. दोन्ही जातींचे डबे एका गाडीत कालवता येत नाहीत. त्या काळात दोन्ही जाती एकाच यार्डात शेजारशेजारच्या रुळांवर उभ्या असायच्या, पण एका गाडीत नाही. माझ्या दोन्ही वाघिणी आपापल्या जागी अचूक होत्या. चूक होती ती मधल्या एका कपलिंगची.

मला ते फार आवडलं. खरंच. नऊ वर्षांच्या नोकरीत कुणी माझी चूक इतकी नेमकी दाखवली नव्हती.

बेरीज

अकरा आकड्यांवरून आठवलं. मी आठवी-नववीत असताना बाबा मला घेऊन गच्चीवर बसायचे आणि मालगाडी हळू जात असली की एखाद्या वाघिणीचा नंबर ओरडायचे. मी शेवटचा आकडा सोडून बाकीचे कागदावर उतरवायचे आणि शेवटचा ओळखायचा. त्या नंबरात गोष्ट असते. पहिले दोन आकडे डब्याचा प्रकार. तिशीतला आकडा असेल तर बंदिस्त डबा. पुढचे दोन मालक रेल्वेचे. ०८ म्हणजे आपली पश्चिम रेल्वे. पुढचे दोन बांधणीचं साल. मग चार आकडे त्या डब्याचे स्वतःचे. आणि अकरावा आकडा आधीच्या दहांची परीक्षा घेणारा.

समजा नंबर आहे ३१०८९७५२१४ आणि पुढचा आकडा पुसलेला. सम जागांवरचे आकडे घ्या: १, ८, ७, २, ४. बेरीज २२, तिप्पट ६६. विषम जागांवरचे: ३, ०, ९, ५, १. बेरीज १८. दोन्ही मिळून ८४. पुढचा दहाच्या पाढ्यातला आकडा ९०. फरक ६. म्हणजे शेवटचा आकडा सहा. लेव्हल क्रॉसिंगला अडकलात तर करून बघा, मोबाइलवर रील बघण्यापेक्षा वेळ बरा जातो. लिहिणाऱ्याने एखादा आकडा चुकीचा टिपला तर बेरीज जुळत नाही, आणि हजारो डब्यांच्या हिशेबातून एक डबा हरवण्याआधी चूक सापडते. आम्हाला मात्र तो शेंगदाण्यांचा खेळ होता. बरोबर आलं की एक दाणा.

आता मी करते त्या वाघिणींपैकी ज्यांचं साल अलीकडचं आहे, त्यांच्या नंबरांची बेरीज बाबा अजूनही तोंडी करून बघतात. नंबर लिहायला मला पाण्याने चिकटणारे स्टिकर छापून घ्यावे लागतात. अक्षराची उंची मिलिमीटरभर. दुकानदाराला वाटतं, मी औषधाच्या बाटल्यांचा धंदा करते.

रुळांचं एक दुखणं मात्र आम्ही सोडून दिलंय. भारतातली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर. भागिले ८७, म्हणजे सव्वाएकोणीस मिलिमीटर. बाजारात मिळणारा एचओचा रूळ साडेसोळा. गुणिले ८७ केलंत तर १४३५ येतात, म्हणजे युरोप-अमेरिकेची गेज, आणि आपल्या पुणे मेट्रोची. थोडक्यात, आमची खानदेशातली मालगाडी मेट्रोच्या रुळांवर चालते. हौशी लोक यावर बरेच उपाय करतात. कुणी १:१०० चं माप धरतात, म्हणजे साडेसोळाचे १६५० होतात आणि गेज जवळपास जुळते, पण मग बाकी सगळं पहिल्यापासून करावं लागतं. कुणी स्वतः रूळ टाकतात. मी बाबांना घाबरत घाबरत हे सांगितलं. मला वाटलं, झालं, संपला प्रोजेक्ट. ते म्हणाले, ‘‘रूळ आपले नाहीत ना? ती पी-वेवाल्यांची जबाबदारी. आपण गाडीचं बघू.’’

अख्खी गाडी मात्र कधी होणार नाही. बॉक्सएनची लांबी १०,७१३ मिलिमीटर, म्हणजे आमच्या मापात १२३. अशा ५८ वाघिणींची रेक खरी सव्वासहाशे मीटरच्या आसपास आणि आमची सात मीटरच्या वर. माझा वन बीएचके तेवढा लांब नाही. इंजिन गॅलरीत आणि ब्रेकव्हॅन बाथरूममध्ये ठेवावी लागेल. नवापूरसारखं.

बाक किती लांब होतं?

मग मुख्य काम. ब्रेकव्हॅन.

बाहेरचा सांगाडा जमला. फोटो होते, चाकाच्या मापावरून बाकीची मापं काढता आली. पण बाबांना आतली ब्रेकव्हॅन हवी होती. छप्पर उचललं की आत सगळं दिसायला पाहिजे. आणि आतले फोटो कुणाकडेच नाहीत. कोण काढणार? तेव्हा कॅमेरा लग्नात निघायचा.

बाबांचे एक जुने मित्र रोज संध्याकाळी चहाला येतात, रिटायर्ड ड्रायव्हर. मी रंगाचे चार नमुने टेबलावर मांडले होते. काकांनी एक उचलला नि म्हणाले, ‘‘हाऊ रंग नही भो.’’

बाबा तडकलेच. ‘‘तू कधी मागं वळून पाहिलं का रे? तीस वर्षं पुढं बघत बसला. ब्रेकव्हॅनचा रंग तू मला सांगणार?’’

दोघं अर्धा तास भांडले. आईने दुसरा चहा टाकला. माणूस एकाच गाडीवर तीस वर्षं काम करतो आणि गाडीचं दुसरं टोक त्याला नीट माहीत नसतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं. आमच्या ऑफिसात चौथ्या आणि सातव्या मजल्याचं असंच आहे.

मी बाकाची लांबी अंदाजाने काढून पुठ्ठ्याचा एक नमुना केला. बाबांनी बघितला. ‘‘बाक एवढं लांब नव्हतं.’’

‘‘कशावरून?’’

‘‘मी त्यावर पाठ टेकली आहे. गाडी उभी असताना,’’ हे घाईने जोडलं, ‘‘पाय बाहेर यायचे. इथपासून.’’ त्यांनी नडगीवर हात ठेवला.

मग मी आईचा शिवणाचा टेप आणला आणि बाबांना दिवाणावर आडवं केलं. डोक्यापासून त्यांनी दाखवलेल्या जागेपर्यंत माप घेतलं, पाच फुटांहून जरा कमी. दीड मीटर धरलं. भागिले ८७, सतरा मिलिमीटर. मग उभं केलं. हॅन्डब्रेकचं चाक कुठवर यायचं? कंबरेला. जमिनीपासून कंबर ९८ सेंटिमीटर. अकरा मिलिमीटरच्या किंचित वर. खिडकीतून मान बाहेर काढताना वाकायला लागायचं? नाही, नुसतं कलायला. व्हॅक्यूमचा काटा उभ्याने दिसायचा की बसून? दोन्ही. डोळ्यांची उंची घेतली, उभ्याची आणि बसल्याची. आई दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, ‘‘ब्लाउज शिवताय का त्यांना?’’

एकंदर उंचीही घेतली. १६९ सेंटिमीटर.

‘‘चुकलं,’’ बाबा म्हणाले. ‘‘पाच फूट आठ. सर्व्हिस बुकात आहे.’’

पाच फूट आठ म्हणजे १७२.७. मी पुन्हा मोजलं. भिंतीला टेकवून, टाचा जुळवून, डोक्यावर पट्टी ठेवून. १६९. पट्टी काढताना त्यांच्या लक्षात आलंच होतं. ते काही बोलले नाहीत, चप्पल शोधू लागले.

म्हणजे माझी मापंही खाली सरकलेली. कंबर, डोळे, सगळंच थोडं. बसमध्ये परतताना मोबाइलवर हिशेब केला. पावणेचार सेंटिमीटर भागिले ८७ म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. माझ्या करवतीच्या पात्याची जाडी तेवढीच. कुणाला दिसणारही नाही. तरी घरी जाऊन मी डोळ्यांच्या आणि कंबरेच्या मापांत थोडं थोडं वाढवलं आणि काट्याची तबकडी केसभर वर लावली. १९८८ मध्ये ते पाच फूट आठ होते.

सात टँकर

आमच्या शेल्फवर एक गाडी १९८८ ची नाही. तिच्यासाठी बाबांनी वेगळी फळी ठोकून घेतली आहे.

एप्रिल २०२१. कोरोनाची दुसरी लाट. मी पुण्यात, दार बंद करून वर्क फ्रॉम होम. मावशी नाशिकच्या एका हॉस्पिटलात ऑक्सिजनवर. त्या आठवड्यात ‘ऑक्सिजन’ हा शब्द घरोघरी कसा उच्चारला जात होता, ते तुम्हाला सांगायला नको. १९ एप्रिलच्या रात्री रिकामे सात टँकर सपाट वाघिणींवर चढवून देशातली पहिली ऑक्सिजन एक्सप्रेस कळंबोलीहून विशाखापट्टणमला निघाली.

आणि ती आमच्या गच्चीसमोरून गेली.

सरळ रस्ता घाटातून. पण टँकर वाघिणीवर ठेवला की उंची वाढते, आणि घाटात बोगदे, पूल, वळणं, वर विजेच्या तारा. रेल्वेने मापं काढली. ३,३२० मिलिमीटर उंचीचा टँकर १,२९० मिलिमीटर उंचीच्या सपाट वाघिणीवर बसू शकतो, असं ठरलं. डीबीकेएम जातीच्या वाघिणी. दोन्ही मिळून ४,६१० मिलिमीटर. ही गाडी घाट टाळून वसईमार्गे सुरतेला आणि तिथून आपल्या तापीकाठच्या मार्गाने भुसावळ, नागपूर अशी काढली. साडेअठराशे किलोमीटरहून जास्त अंतर, पन्नास तासांच्या आसपास. एरवी ज्या मार्गाचं नाव पुण्यामुंबईत कुणी घेत नाही, तो नेमका तेव्हा मोकळा सापडला.

यात आणखी एक विचित्र गोष्ट. नंदुरबारला तेव्हा ऑक्सिजनची तशी टंचाई नव्हती. जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी २०२० मध्येच सरकारी दवाखान्यात हवेतून ऑक्सिजन तयार करणारा प्लांट बसवून घ्यायला सुरुवात केली होती, आणि त्या एप्रिलमध्ये देशभरचे पत्रकार आमच्या आदिवासी जिल्ह्याचं नाव घेत होते. आमच्या स्टेशनात रेल्वेचे आयसोलेशनचे डबेही लावले होते. म्हणजे ज्या गावाला गरज कमी, त्याच्यासमोरून बाकी महाराष्ट्रासाठी रिकामे टँकर चालले होते. बाबा गच्चीत उभे होते. त्यांनी फोन केला तेव्हा एवढंच म्हणाले, ‘‘सात होते. वर बऱ्यापैकी जागा होती.’’

भरलेली गाडी विशाखापट्टणमहून निघून २३ एप्रिलला नागपूरला आली. तीन टँकर तिथे उतरवले. उरलेले चार २४ तारखेला नाशिकला.

गेल्या वर्षी बाबा म्हणाले, ती गाडी करू. मी म्हटलं, आपलं साल अठ्ठ्याऐंशी ठरलंय ना? ‘‘हिचं साल वेगळं, फळी वेगळी.’’ पेपरांतले फोटो जमवले. टँकरची उंची माहीत होती, म्हणून तोच फोटोतली फूटपट्टी केला. त्यावरून वाघिणीची लांबी, चाकं, साखळ्या कुठे बांधल्या होत्या ते. सातही टँकर एकसारखे करायचे नाहीत, यावर बाबा ठाम होते. धूळ प्रत्येकावर वेगळी. मी तवा खरवडून काजळी काढली. सहा महिने गेले, मध्ये एक रिलीज, दोन रविवारचे सपोर्ट कॉल आणि एक मोडलेला अंगठा.

४,६१० भागिले ८७ म्हणजे ५३ मिलिमीटर, जवळपास नेमके. बाबांनी पुठ्ठ्याची एक कमान करून घेतली होती, आतून चोपन्न. मागच्या महिन्यात त्यांच्या टेबलावर रूळ टाकला, मधोमध कमान उभी केली आणि सातही वाघिणी एकेक करून बोटाने ढकलत खालून नेल्या. सहा गेल्या. चौथीला जरा घासलं. टँकरच्या टोपणावर मी रंगाचा एक थर जास्त दिला होता. तिथेच बसून तो खरवडला. मग सातवी.

‘‘पाटी?’’ बाबांनी विचारलं.

शेवटच्या डब्यामागे ‘एलव्ही’ अशी पाटी लावतात. ती नसेल तर गाडी मधेच तुटून मागचे डबे राहिलेत, असं समजून स्टेशन मास्तर पुढे धोका देतो. नखाच्या टोकाएवढी पाटी मी छापून आणली होती. चिमटा मी पुढे केला. त्यांनी तो घेतला. हात थरथरत होता, मी कोपर टेबलावर टेकवलं तसं त्यांनीही टेकवलं, आणि तिसऱ्या खेपेला पाटी बसली. किंचित तिरपी. आम्ही ती तशीच ठेवली.

फोटो मावशीला पाठवला. मावशी आता ठणठणीत आहे, नाशिकला, आणि व्हॉट्सअॅपवर तिचा रिप्लाय दहा सेकंदांच्या आत येतो. आला.

‘यातला माझा कोणता गं?’

मी बाबांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ सातही टँकरांकडे बघत राहिले, भिंग घेऊन.

‘‘लिही,’’ म्हणाले, ‘‘चारातला एक. कोणता, ते त्या गार्डच्या रफ जर्नलमध्ये बघावं लागेल.’’